निमेषांचा हिशेब

गेल्या दिवाळींत, वसुबारसेच्या संध्याकाळीं, आमच्या घराच्या माजघरांत एक लहानशी सभा भरली होती. सभेचें कारण असें कीं, आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांस शिरवळकडील एका कारखान्यांत नोकरी लागली होती आणि कारखान्याच्या बसची वेळ व त्याच्या पाळीची वेळ यांचा मेळ बसत नव्हता. तेव्हां त्यानें मोटारसायकल घेण्याचा विचार घरांत मांडला. वाईहून सुरूर, तेथून महामार्गानें खंबाटकी ओलांडून शिरवळ, रात्रींअपरात्रीं जाणें-येणें. आमच्या मातुश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं ऐकतांक्षणींच ‘नको रे बाबा’ म्हणून जपमाळ हातांत घेतली. भावजय कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांच्या हातांतील करंजीचें सारण खालीं सांडूं लागलें. बंधु म्हणाले, “दादा सांगतील तें खरें.” असें म्हणून त्यांनीं आपली सुटका करून घेतली, ही त्यांची लहानपणापासूनची रीत आहे.

पुतण्यानें मग आमच्याकडे मोर्चा वळविला. तो म्हणाला, “काका, तुम्हीं तेहेतीस वर्षें पसरणीच्या घाटांतून गाडी चालविलीत. तुमच्या स्वतःच्या चुकीनें एकदां तरी जिवावर बेतलें आहे काय?”

आम्ही उत्तर देण्यापूर्वींच आमच्या पत्नीनें तें देऊन टाकलें. “यांच्या चुकीनें? छे! तो मेला ट्रकवालाच एकदां अंगावर आला होता. देवानें वांचविलें.”

आम्ही समोरची चिवड्याची बशी उचलली व चिवडा खाऊं लागलों. त्या दिवशीं आम्ही जें बोललों नाहीं तें येथें लिहीत आहों. परंतु तेथपर्यंत जाण्यापूर्वीं कांहीं गोष्टींचा हिशेब वाचकांपुढें मांडला पाहिजे, कारण त्या हिशेबाशिवाय आमची गोष्ट नीट कळावयाची नाहीं.

आमचें शिक्षण म्हणजे मॅट्रिक आणि पुढें पाठशाळेंतील संस्कृत. तेव्हां यंत्राच्या विषयांतहि आम्ही प्रथम कोशच उघडणार, हें वाचकांनीं समजून घ्यावें. ‘क्षणांत निर्णय घेतला’ असें आपण सहज म्हणतों. पण अमरकोशांतील कोष्टक मांडून पाहिलें तर एका मुहूर्ताचे बारा क्षण, आणि दिवसरात्रीचे तीस मुहूर्त. म्हणजे एक क्षण चांगला चार मिनिटांचा होतो! चार मिनिटांत मोटारसायकलवाला वाईच्या गणपतीपासून निघून गांवाबाहेर पडेल. आपल्या कामाचा शब्द क्षण नव्हे, निमेष. मनुस्मृतींतील माप असें : अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक मुहूर्त, व तीस मुहूर्तांचें एक अहोरात्र. हा भागाकार आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत करून दाखविला होता. एक निमेष म्हणजे सेकंदाचा सुमारें १८ शतांश भाग येतो. पापणी लवण्यास लागावा तेवढा. एका सेकंदांत असे साडेपांच निमेष बसतात.

आतां ताशीं ४८ किलोमीटर हा वेग घ्या. ही संख्या आम्हीं उगाच निवडलेली नाहीं. तिचें कारण पुढें येईल. या वेगानें गाडी एका निमेषांत २ मीटर ४० सेंटिमीटर पुढें जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून थोडी अधिकच. पापणी मिटून उघडली कीं आपण जेथें होतों तेथें नसतों.

अमेरिकेंत लॉस एंजलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत हॅरी हर्ट नांवाच्या संशोधकानें मोटारसायकलींच्या अपघातांचा जो शोध घेतला, त्याचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें व त्याच्या मदतनिसांनीं सुमारें नऊशें अपघातांच्या जागीं प्रत्यक्ष जाऊन टायरांच्या खुणा मोजल्या, आणि शिवाय पोलिसांकडील छत्तीसशें अहवाल तपासले. इतकी चिकाटी पूर्वीं कोणीं दाखविली नव्हती. त्यांतून निघालेली एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. संकट दिसल्यापासून आदळण्यापर्यंत स्वारास मिळणारा वेळ सामान्यतः दोन सेकंदांहूनहि किंचित् कमी असतो. म्हणजे अकरा निमेष. त्या अकरा निमेषांत पाहावयाचें, ओळखावयाचें, ठरवावयाचें, आणि हातापायांनीं तें करावयाचें. ताशीं ४८ किलोमीटरचा जो वेग वर सांगितला, तो याच अहवालांतील; संकट ओढवण्यापूर्वीं गाड्यांचा वेग सर्वसाधारणपणें तेवढाच होता. भरधाव वेडेपणा करणारेच मरतात ही आपली समजूत त्या अहवालानें खोटी पाडली. बहुतेक अपघात दुसऱ्या वाहनाशीं झालेले होते, आणि त्यांतील दोनतृतीयांश वेळां दुसऱ्यानेंच मोटारसायकलीची वाट अडविली होती. कारण पुष्कळदां त्यानें ती पाहिलेलीच नव्हती.

मग त्या अकरा निमेषांत स्वारांनीं केलें काय? अहवाल सांगतो कीं, बहुतेकांनीं मागचा ब्रेक करकचून दाबला व चाक घसरविलें, आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाहीं. गाडी वळवून संकट चुकविण्याचें कसब तर जवळ जवळ कोणापाशींच दिसलें नाहीं.

हें वाचून आम्हांस आमच्या गुरूची आठवण झाली. आम्हांस १९८४ सालीं मोटारसायकल शिकविणारे गृहस्थ दुधाचा रतीब घालीत. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंस लटकावून ते राजदूत गाडी चालवीत, आणि तशीच एक जुनी गाडी त्यांनीं आम्हांस मिळवून दिली. त्यांचा पहिला उपदेश असा : “गुरुजी, फुडच्या बिरेकला हात लावायचा न्हाई. तोंडावर पडाल.” आम्हीं तो वेदवाक्य मानला. वस्तुतः गाडी थांबूं लागली कीं सगळा भार पुढच्या चाकावर येतो, तें रस्त्यास घट्ट धरतें, आणि मागचें चाक हलकें होऊन लगेच घसरतें; म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढच्या ब्रेकनेंच करावयाचें असतें. तो एकदम न आवळतां, ओला कपडा पिळावा तसा क्रमाक्रमानें आवळावा, एवढेंच. आमच्या गुरूंनीं हें सांगितलें नाहीं, कारण त्यांनाहि कोणीं सांगितलें नव्हतें. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस १२५ सी.सी.च्या वर चाक अडकूं न देणारी ब्रेकची योजना, आणि त्याखालील गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना सक्तीची झाली. जी गोष्ट माणसांस शिकवितां आली नाहीं ती अखेर यंत्रास शिकवावी लागली, असें मास्तर या नात्यानें म्हणतांना आम्हांस थोडी लाज वाटते.

वळविण्याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. चालण्याच्या वेगाहून अधिक वेगांत असतां गाडी डावीकडे न्यावयाची तर डावा हात पुढें ढकलावा लागतो. म्हणजे हँडल क्षणमात्र उजवीकडे फिरवावें लागतें. त्यामुळें गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. वाचकांस हें खोटें वाटेल. आम्हांसहि वाटलें होतें. विमानाचा शोध लावणारे राइट बंधु हे मूळचे सायकलींचे कारागीर. त्यांपैकीं विल्बर यानें पुष्कळ सायकलस्वारांस ‘तुम्ही डावीकडे कसे वळतां?’ असें विचारलें, तेव्हां खरें काय घडतें हें पहिल्या झटक्यास कोणासहि सांगतां आलें नाहीं, जरी रोज सर्वजण तेंच करीत होते! शरीरास जें ठाऊक असतें तें मनास ठाऊक नसतें. निवांत वेळीं त्यावांचून अडत नाहीं. परंतु संकटकाळीं मन मध्यें लुडबुड करतें, हँडल उलट दिशेस ओढतें, आणि गाडी नेमकी नको तेथें जाते.

अंतराचा हिशेबहि असाच मनास चकविणारा आहे. कोरडा डांबरी रस्ता, ब्रेक उत्तम, आणि संकट ओळखून हात हालण्यास एक सेकंद, एवढें धरलें, तर ताशीं ४० किलोमीटरचा स्वार सुमारें २० मीटरांत थांबतो. ताशीं ६० च्या स्वारास सुमारें ३७ मीटर लागतात. वेग दीडपट, अंतर जवळ जवळ दुप्पट. पण याहून भयंकर गोष्ट पुढेंच आहे. दोघेहि शेजारीं शेजारीं चालले आहेत, आणि वीस मीटरांवर एक मूल रस्त्यांत आलें असें समजा. चाळीसचा स्वार मुलापाशीं येऊन उभा राहतो. आणि त्याच जागीं साठचा स्वार अजून ताशीं ५५ किलोमीटरच्या वेगांत असतो. कारण सतरा मीटर तर त्याचा हात हालण्यांतच गेलेले असतात. आम्ही हें गणित पुतण्यास कागदावर करून दाखविलें. तो अभियंता आहे. त्यानें तें दोनदां तपासलें आणि कागद खिशांत घातला. अलीकडे मुलें गाडीवर असतां भ्रमणध्वनीकडे दोन सेकंद नजर टाकतात. चाळीसच्या वेगांत ते बावीस मीटर झाले. डोळे मिटून आपल्या घराच्या ओटीपासून परसापर्यंत कोणी पळत जाईल काय?

मूल म्हणतांच एक प्रसंग आठवतो. शाळेकडे जातांना एका वाडीच्या तोंडाशीं रबरी चेंडू टप्पे खात रस्त्यावर आला. चेंडू कांहीं एकटा खेळत नाहीं, एवढा विचार मनांत येण्यापूर्वींच हाताने गाडी मंद केली होती. चेंडूच्या पाठोपाठ मुलगा आला, आमच्या चाकापासून हातभर अंतरावर त्यानें चेंडू उचलला, आणि आम्हांसच डोळे वटारून निघून गेला. तो पुढें आमच्याच वर्गांत आला. तीन वर्षें संस्कृत शिकला. पण ‘राम’ शब्द चालवितांना तृतीयेपाशीं जो अडखळे तो शेवटपर्यंत अडखळत राहिला.

दुसरा प्रसंग थोडा विस्तारानें सांगतों. १९९१ सालचा जानेवारी महिना. साताऱ्याहून शिक्षकांची सभा आटोपून रात्रीं नऊच्या सुमारास आम्ही सुरूरवरून वाईकडे वळलों. त्या रस्त्यावरील जुने वड ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस तेथील रात्रीचा काळोख वेगळा सांगावयास नको. चांदणेंहि खालीं उतरत नसे. आमच्या गाडीचा दिवा म्हणजे समईचा मोठा भाऊ. समोरून एक जीप आली, तिनें आपले दिवे खालीं केले नाहींत, आणि ती निघून गेल्यावर आमच्या डोळ्यांपुढें हिरवीं-जांभळीं वर्तुळें तेवढीं राहिलीं. अशा वेळीं शहाण्यानें थांबावें. आम्ही थांबलों नाहीं. थंडी फार होती आणि घरीं पिठलेंभात वाट पाहत होतें.

इतक्यांत नाकास ओल्या उसाचा वास आला. तोडलेल्या ताज्या उसाचा हिरवा, गोडसर वास. गळिताचा हंगाम, तेव्हां तो वास त्या टापूंत सर्वत्रच असतो. त्यांत नवल नव्हतें. पण तो एकाएकीं दाट झाला. आमचा उजवा हात आपोआप सैल पडला, गाडीचा आवाज उतरला, आणि पायानें ब्रेक दाबला. ‘कां’ हें त्या वेळीं विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें. पुढच्याच निमेषांत दिव्याच्या पिवळ्या उजेडांत आमच्या तोंडापासून दोन हातांवर उसाचीं टोकें दिसलीं. दिवा नसलेली, लाल फडकेंहि न बांधलेली उसाची ट्रॉली चाक नादुरुस्त होऊन रस्त्यांतच उभी होती. पाचट आमच्या गालास ओरखडून गेलें. गाडी उजवीकडून बाहेर काढतांना ट्रॉलीखालीं चुलीचा उजेड दिसला. ड्रायव्हर आणि त्याची बायको तेथें भाकरी भाजीत बसलीं होतीं. त्यांस आम्ही काय बोलणार? दिवा लावण्यास सांगितलें. तो म्हणाला, “बॅटरी उतरलीया, मास्तर.” त्याच्या चुलींतील एक जळतें लाकूड घेऊन आम्ही दोघांनीं तें मागें वीस पावलांवर दगडांत रोवलें, आणि आम्ही घरीं आलों. गालावरील ओरखडा वडाच्या पारंबीचा म्हणून सांगितला. त्या रात्रीपासून आमचें एक मत झालें आहे कीं, जिवावरचे निर्णय पुष्कळदां निर्णय नसतातच. आधीं वर्षानुवर्षें जें साठलेलें असतें तें त्या वेळीं हातापायांतून बोलतें. ज्याच्यापाशीं तो सांठा नाहीं, त्यानें वेग कमी ठेवणें हाच मार्ग उरतो. आमच्या भगिनीवर्गासाठीं एक उल्लेख येथेंच करून ठेवतों : मागें बसतांना पदर व ओढणी कमरेशीं खोचून घ्यावी. मागच्या चाकास कपडा न अडकूं देणारी जाळी बसविण्याचा नियम आहे, परंतु वाऱ्यावर उडणारा पदर नियम वाचीत नाहीं. मेणवलीच्या वाटेवर आमच्या पत्नीचा पदर जाळीवरून चाकाकडे निघाला होता. मागून येणाऱ्या सायकलवाल्या मुलानें ओरडून सांगितलें म्हणून तो प्रसंग टळला.

सगळ्यांचे प्रसंग टळत नाहींत. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत नांव मिळविलेला इंग्रज अधिकारी व लेखक टी. ई. लॉरेन्स यास मोटारसायकलीचें अतोनात वेड होतें. १९३५ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस, डॉर्सेट परगण्यांतील आपल्या झोपडीवजा घराकडे तो ब्रफ सुपीरियर गाडीवरून परत येत होता. रस्त्यास एक उतार-खळगा होता, आणि त्या खळग्यांत सायकलींवरून जाणारीं दोन मुलें त्यास शेवटपर्यंत दिसलीं नाहींत. दिसलीं तेव्हां त्यानें त्यांस चुकविण्यासाठीं गाडी बाजूस काढली. मुलें वांचलीं. लॉरेन्स डोक्यावर आपटला, सहा दिवस बेशुद्ध राहिला, आणि १९ तारखेस वारला. त्याचें वय सेहेचाळीस होतें. त्याच्या त्या निमेषांतील निर्णयास चूक म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

त्याच्या उशाशीं जे वैद्य बोलाविले गेले त्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. आपल्या हातून हा मनुष्य वांचला नाहीं ही गोष्ट त्यांनीं मनांत धरून ठेविली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत निरोप पोंचविणारे सैन्यांतील मोटारसायकलस्वार धडाधड मरूं लागले, तेव्हां त्यांनीं त्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें निबंध लिहिला, आणि शिरस्त्राणानें प्राण वांचतात हें दाखविलें. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांस तें सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांस मात्र तेथें १९७३ सालापर्यंत वाट पाहावी लागली. आपल्याकडे १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांत तें कलम आहेच. पण कलम पुस्तकांत आणि शिरस्त्राण आरशास लटकलेलें, हें दृश्य वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहिलेलें असेल. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. आम्ही स्वतः कित्येक वर्षें काळी टोपी घालून गाडी चालविली. ती टोपी घाटांतील वाऱ्यानें उडूं नये म्हणून आम्ही दोरीनें बांधीत असूं. इतकी आम्हांस डोक्यापेक्षां टोपीची काळजी!

आतां ट्रकची गोष्ट.

१९९६ सालचा श्रावण. आमची शाळा घाटमाथ्यावर, पांचगणीच्या अलीकडच्या एका गांवीं. घरीं सत्यनारायण होता. पूजेस आम्हांसच बसावयाचें होतें, आणि मुख्याध्यापकांनीं निघतां निघतां एक काम काढल्यामुळें पाऊण तास उशीर झाला होता. बुरबुर पाऊस, रस्ता ओला, धुकें विरळ. घाट उतरतांना एक बस आमच्या पुढें लागली. ती वळणावळणास जवळ जवळ थांबत होती आणि तिचा काळा धूर आमच्या तोंडावर येत होता. तीन वळणें आम्ही मागें राहिलों. चौथ्या वळणाच्या अलीकडे, पुढचें कांहीं दिसत नसतां, आम्ही उजवीकडून बाहेर पडलों. हें कोणींहि आमच्याकडून करविलें नाहीं. घाईहि कांहीं इतकी नव्हती. पूजा अर्धा तास थांबली असती. तेव्हां ‘घाई होती’ हें कारणसुद्धां आम्ही येथें देऊं इच्छीत नाहीं.

आम्ही बसच्या मध्यावर आलों आणि वळणाआडून ट्रक आला. सिमेंटच्या पोत्यांनीं भरलेला, चढणीचा, आपल्या योग्य बाजूनें येणारा. आमच्या डाव्या हातास बस, बसच्या पलीकडे दरी. समोर ट्रक, आणि त्याच्या बाजूस डोंगराचा कडा. मागें जाणें नाहीं, पुढें वाट नाहीं. त्या अकरा निमेषांत आम्हीं काय केलें, हें आम्ही इतकीं वर्षें स्वतःस विचारीत आलों आहों. उत्तर असें आहे कीं, आम्हीं कांहींच केलें नाहीं. ब्रेक लावला नाहीं, हँडल हालविलें नाहीं, भोंगा वाजविला नाहीं. आम्ही ट्रकच्या कांचेकडे पाहत राहिलों. गाडी जिकडे दृष्टि तिकडे जाते हा नियम आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हता. ती सरळ ट्रककडे चालली होती.

ट्रक डोंगराकडे वळला. त्याचें डावें चाक कडेच्या चरांत उतरलें, खडकावर पत्रा घासल्याचा मोठा आवाज झाला, आरसा फुटून पडला, आणि बस व ट्रक यांच्यामध्यें एक फट पडली. तींतून आमची गाडी निघून गेली. आम्ही तिला काढलें नाहीं, ती गेली.

पन्नास पावलांवर आम्ही थांबलों. पाय जमिनीस टेकेनात. बस केव्हांच खालीं निघून गेली होती. ट्रकवाला उतरून आमच्याकडे आला. पन्नाशीचा, कानांत भिकबाळी, डोक्यास टॉवेल. आतां शिव्या येतील म्हणून आम्हीं मान खालीं घातली. त्यानें हातांतील डब्यांतून पाणी पुढें केलें. आमच्या पिशवींतील वह्या पाहून म्हणाला, “मास्तर हायसा जणू?” आम्हीं मान हालविली. मग तो जें बोलला तें आम्हांस शब्दशः आठवतें. “मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माज्याकडं बघत व्हता. मला कळलं, ह्यो माणूस काय करत न्हाई आता. मग मलाच करावं लागलं.”

एवढें बोलून तो गाडीखालीं वांकून चाक पाहूं लागला. आम्हीं त्यास आरशाचे पैसे द्यावयास हवे होते. आमच्या खिशांत त्या वेळीं पूजेच्या दक्षिणेसाठीं घेतलेली रक्कम होती. आम्हीं तो विषय काढला नाहीं. त्यानेंहि काढला नाहीं. आम्ही घरीं आलों, स्नान केलें, आणि पूजेस बसलों.

ही गोष्ट घरीं आम्हीं सांगितली नाहीं. बसमध्यें आमच्या आळींतील एक गृहस्थ होते. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं येऊन सांगितलें, “काल मास्तरांच्या अंगावर ट्रक आला होता!” त्यांस खिडकींतून तेवढेंच दिसलें असेल. पत्नीनें आमच्याकडे पाहिलें. ‘नाहीं, तसें नव्हे’ एवढे तीन शब्द बोलण्यास एक सेकंदहि लागला नसता. आम्ही बोललों नाहीं, आणि मग तें रोजच अधिक अवघड होत गेलें. दरवर्षीं श्रावणांतील पूजेच्या दिवशीं ती गोष्ट निघे; पत्नी देवापुढें एक वात अधिक लावी, आणि ट्रकवाल्याच्या नांवानें बोटें मोडी. मुलें ती गोष्ट ऐकत मोठीं झालीं. ‘ट्रकवाले असेच’ हें आमच्या घरांत एक प्रमाणवचन होऊन बसलें. घाटांतील तो निमेष आमच्या हातून गेला तो भीतीमुळें, आणि भीतीवर मनुष्याची सत्ता चालत नाहीं असें एक वेळ म्हणतां येईल. घरांतील त्या निमेषास तसें कांहीं म्हणतां येत नाहीं.

हा लेख येथवर लिहून झाल्यावर, परवां रात्रीं जेवणें आटोपल्यानंतर, आम्हीं तो माजघरांत वाचून दाखविला. वाचतांना चष्मा दोन वेळां पुसावा लागला. कोणी मध्यें बोललें नाहीं. वाचून झाल्यावर पत्नी कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतकीं वर्षें मी त्या माणसाला शिव्या देत होतें.” आणि आंत निघून गेली. आम्हांस वाटलें, आतां रागावली. ती थोड्या वेळानें ताक घेऊन बाहेर आली. परंतु आमच्याशीं दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत बोलली नाहीं.

पुतण्यानें विचारलें, “मग काका, गाडी घेऊं कीं नको?”

आम्हीं सांगितलें, “घे. पण पहिला महिनाभर रविवारीं सकाळीं तूं चालव आणि आम्ही मागें बसूं. शिरस्त्राणें दोन घे. आणि कोणताहि ब्रेक शिकविण्यास दूधवाल्याकडे जाऊं नकोस.” तो हंसला. भावजयींनींहि मान डोलावली. पूर्ण नव्हे, अर्धी.

मातुश्री एवढा वेळ जप करीत होत्या. त्यांनीं माळ बाजूस ठेवली व विचारलें, “त्या ट्रकवाल्याचें नांव काय रे?”

आम्हीं नांव विचारलें नव्हतें. ट्रकच्या मागच्या फळीवर दोन मुलींचीं नांवें हिरव्या रंगानें लिहिलेलीं होतीं, एवढें आठवतें. तीं नांवें कोणतीं, तें आतां आठवत नाहीं.